काचेच्या टाकीतली गर्दी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



घरात मासे पाळणारी मंडळी भेटली की मला एक प्रश्न हमखास विचारतात. ‘सर, आमच्याकडे महिन्या-दीड महिन्याला एक मासा मरतोच. सगळं व्यवस्थित करतो, तरी मरतो. असं का होत असेल?’ मी उलट विचारतो, टाकी केवढी आणि मासे किती? टाकीचं माप बहुतेकांना पाठ असतं. दोन फुटी, अडीच फुटी, तीन फुटी. माशांचा आकडा सांगताना मात्र गडबड होते. ‘असतील दहा-पंधरा.’ मग घरातलं एखादं मूल काचेला नाक लावून मोजायला बसतं आणि मोजणी वीसच्या पुढे जाते.

आज मला याच आकड्याबद्दल बोलायचं आहे. टाकीत मासे जास्त झालेत, हे ओळखायचं कसं? तुम्ही म्हणाल, त्यात ओळखायचं काय? गर्दी एसटीत दिसते, लोकलमध्ये दिसते, तशी टाकीतही दिसेलच की! अडचण अशी की टाकीतली गर्दी आपल्या डोळ्यांना फार उशिरा दिसते. माशांना ती कितीतरी आधी जाणवलेली असते. दोन फुटी टाकीत पंधरा इवलेसे मासे इकडून तिकडे पळताना पाहिले की आपल्याला वाटतं, अजून पाच सहज मावतील. मावतीलही. पण मावणं वेगळं आणि जगणं वेगळं.

एका खोलीत दहा माणसं दाटीवाटीनं राहतात, तेव्हा खिडकीतून हवा येत असते आणि मोरीतून सांडपाणी बाहेर जात असतं. टाकीला खिडकी नाही आणि मोरीही नाही. माशाचं खाणं, श्वास घेणं आणि, स्पष्टच बोलायचं तर, शौचही त्याच चाळीस-पन्नास लिटर पाण्यात होतं. म्हणून टाकीत किती मासे राहू शकतील, हे त्या पाण्यात प्राणवायू किती विरघळतो आणि घाण किती पचते, यावर ठरतं. पोहायची जागा हा त्यानंतरचा हिशोब.

ही घाण म्हणजे मुख्यतः अमोनिया. मासा जी प्रथिनं खातो, त्यातला नको असलेला नायट्रोजन तो अमोनियाच्या रूपानं बाहेर टाकतो, आणि तोही बराचसा कल्ल्यांवाटे. उरलेलं खाद्य, विष्ठा, कुजलेली पानं यांतूनही अमोनिया तयार होतो. त्याला रंग नाही, पाण्यात तो चटकन विरघळतो. त्यामुळे पाणी नितळ असूनही माशाच्या दृष्टीनं विषारी असू शकतं. ‘सर, पाणी तर बघा किती स्वच्छ आहे,’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की आता मी पाण्याकडे न बघता आधी माशांच्या कल्ल्यांकडे बघतो.

मग टाकीतले मासे जगतात तरी कसे? ते जगतात जिवाणूंच्या जिवावर. तळाचे खडे, काच आणि विशेषतः फिल्टरचा स्पंज यांवर दोन प्रकारचे उपकारक जिवाणू वस्ती करतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषच; ते माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू या नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे नायट्रेट बरंच सौम्य असतं. ते काही प्रमाणात पाणवनस्पती शोषून घेतात आणि बाकीचं आपण पाणी बदलतो तेव्हा बाहेर जातं. मी शिकवायला लागलो तेव्हाच्या पुस्तकांत या दुसऱ्या जिवाणूचं नाव नायट्रोबॅक्टर असं दिलेलं असे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असं दिसलं की घरगुती टाक्यांमध्ये हे काम प्रामुख्यानं नायट्रोस्पिरा जातीचे जिवाणू करतात. माशांना अर्थात नावाशी देणंघेणं नाही. त्यांच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि ती रोज मिळणाऱ्या खाद्याच्या, म्हणजे अमोनियाच्या प्रमाणातच वाढते.

यातून एक गोष्ट निघते. टाकीतली गर्दी हा नुसता आकड्याचा प्रश्न नाही, तो वेगाचाही आहे. सहा मासे सुखानं राहत असलेल्या टाकीत रविवारी बाजारातून आणखी सहा आणून सोडले, तर जिवाणू पहिल्या सहांपुरतेच असतात. नव्यांची घाण पचवणारी वस्ती तयार व्हायला दिवस लागतात. तेवढे दिवस बारा मासे ही त्या टाकीसाठी गर्दीच, मग टाकी पुढे बारांना पुरणारी असली तरी. म्हणून मासे वाढवायचेच असतील तर दोन-तीन करून, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ देऊन वाढवावेत.

जाता जाता एक जुनी गोष्ट सांगतो. आज घरोघरी दिसणाऱ्या टाकीमागचा विचार ज्यांनी मांडला, त्यांतले एक रॉबर्ट वॉरिंग्टन हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ. वनस्पती आणि प्राणी एकमेकांच्या आधारानं एकाच पाण्यात कसे टिकतात, याचा प्रयोग त्यांनी १८५० साली प्रसिद्ध केला. त्यांच्या टाकीत व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती होती आणि कुजणारी पानं खाण्यासाठी नंतर सोडलेल्या गोगलगायी होत्या. आणि मासे? लहानसे गोल्डफिश, फक्त दोन.

आता टाकी बोलते कशी, ते पाहू. तिची भाषा सर्वांत स्पष्ट ऐकू येते ती पहाटे. दिवसा प्रकाशात वनस्पती आणि शेवाळ प्राणवायू तयार करतात, पण अंधारात तेही प्राणवायू वापरू लागतात. रात्रभर मासे, जिवाणू, वनस्पती सगळेच त्याच साठ्यातून घेत असतात. त्यामुळे पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. एखाद्या दिवशी उजाडण्यापूर्वी उठून, टाकीचा दिवा न लावता, हातातल्या टॉर्चच्या मंद उजेडात पाहा. मासे तळाशी किंवा मध्यावर स्वस्थ असतील तर ठीक. ते पृष्ठभागाशी गोळा होऊन तोंडं वर करून पाणी चघळल्यासारखं करत असतील, कल्ले भरभर उघडझाप करत असतील, तर ती टाकी रात्रभर श्वासासाठी झगडते आहे असं समजा. नऊ वाजता आपण दिवा लावून, दाणे टाकून कौतुकानं बघायला बसतो तेव्हा हे दृश्य मावळलेलं असतं.

यात एक पथ्य आहे. गुरामी, फायटर या माशांना थेट हवेतून श्वास घेण्याचं वेगळं इंद्रिय असतं. ते अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेणारच. त्यांच्यावरून निष्कर्ष काढू नका. गोल्डफिश, टेट्रा, बार्ब, एंजल यांच्यावरून काढा.

उन्हाळ्यात ही परीक्षा आणखी कडक होते. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांना हेच प्रमाण साडेसातच्या आसपास येतं. त्याच वेळी उष्णतेमुळे माशाच्या शरीराचे व्यवहार वाढतात आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे उत्पन्न घटलं आणि खर्च वाढला. जानेवारीत ज्या टाकीत वीस मासे मजेत होते, तीच टाकी मे महिन्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, वीसांना पुरत नाही. हिशोब नेहमी मे महिन्याचा धरावा.

प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागावाटे. त्यामुळे उंच आणि अरुंद टाकीपेक्षा बुटकी आणि पसरट टाकी जास्त मासे सांभाळते, दोन्हींत पाणी तेवढंच असलं तरी. गोल काचेचं भांडं तर या दृष्टीनं फारच वाईट. ते गळ्यापर्यंत भरलं की पाण्याचा हवेला लागणारा भाग उलट कमी होतो. इटलीतल्या मोंझा शहरानं २००४ मध्ये आणि रोमनं २००५ मध्ये माशांना अशा गोल भांड्यांत ठेवायला बंदी केली. आपल्याकडे वाढदिवसाची भेट म्हणून तसं भांडं, आत दोन गोल्डफिश, असं सर्रास दिलं जातं. दोनच मासे आहेत म्हणून तिथं गर्दी नाही, असं कुणी समजू नये.

दुसरी खूण पाण्याची. पाणी बदलल्यावर दोन-तीन दिवसांतच ते दुधाळ दिसू लागलं, हवेचे बुडबुडे पृष्ठभागावर लगेच न फुटता फेसासारखे साचू लागले, झाकण उघडताच कुबट वास आला, फिल्टरचा स्पंज आठवड्याच्या आत गच्च भरू लागला, तर टाकीवर तिच्या ताकदीबाहेरचा भार आहे. काचेवर हिरवं शेवाळ धरण्याची कारणं अनेक असतात, खिडकीतलं ऊन हे त्यांतलं मोठं. नुसत्या शेवाळावरून मी काही ठरवणार नाही. पण ऊन नाही, दिवा मर्यादित वेळ आहे, तरी शेवाळ हटत नाही, अशा वेळी मासे मोजावेत.

खात्री करायची असेल तर पाणी तपासायचे छोटे संच मिळतात. थेंब टाकायचे आणि रंग पडताळायचा. जुन्या, स्थिर झालेल्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत. ‘थोडासा’ अमोनिया चालतो, असं काही नसतं. मासे आणि दाणे तेच असताना ही दोन्ही पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर जिवाणूंना काम झेपत नाही. ती शून्य असतील तर नायट्रेट बघा. आठवड्याला पाव टाकी पाणी नियमानं बदलूनही नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या वरच राहत असेल, तर त्या पाण्यात मासे जास्त आहेत किंवा त्यांना दाणे जास्त पडताहेत. मात्र आधी नळाचं किंवा बोअरचं पाणी त्याच संचानं तपासा. शेतीच्या भागात बोअरच्या पाण्यातच नायट्रेट असतं आणि मग माशांना उगाच दोष लागतो.

तिसरी खूण वागण्याची. मासे एकमेकांचा पाठलाग करू लागतात, शेपट्या कुरतडलेल्या दिसतात, एक-दोन दुबळे मासे फिल्टरच्या मागे कोपरा धरून बसतात, खाण्याच्या वेळीही पुढे येत नाहीत. पर अंगाला चिकटवून राहणं हेही ताणाचं लक्षण. पण इथं एक गंमत आहे. टायगर बार्बसारखे मासे थव्यानं राहणारे. ते दोन-तीनच ठेवले तर जास्त भांडतात, सहा-आठ ठेवले तर आपापसांत रमतात. त्यामुळे भांडण दिसलं की लगेच ‘गर्दी झाली’ म्हणून चार बार्ब काढून टाकले, तर उरलेले दोन एंजलच्या लांब परांवर तुटून पडतात. अशा वेळी प्रकार कमी करावेत आणि एका प्रकारचे मासे पुरेसे ठेवावेत. आपल्याकडे नेमकं उलट होतं. दुकानात गेलं की घरातल्या प्रत्येकाच्या आवडीचा एकेक मासा येतो. मुलीला काळी मॉली, मुलाला शार्क म्हणून विकला जाणारा मासा, आजीला सोनेरी. टाकी म्हणजे माशांची धर्मशाळा होते.

चौथी खूण म्हणजे ज्या प्रश्नानं मी सुरुवात केली तो, महिन्याला मरणारा एक मासा. याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण अनेक घरांत या मरणाला वेगळाच अर्थ दिला जातो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फेंगशुई आणि वास्तूच्या सल्ल्यानं दिवाणखान्यात टाकी ठेवण्याची पद्धत पसरली. त्यात आठ सोनेरी आणि एक काळा, असे नऊ गोल्डफिश ठेवावेत असं सांगतात. आणि मासा मेला तर त्यानं घरावरचं अरिष्ट स्वतःवर घेतलं, आता त्याच्या जागी दुसरा आणावा, असंही सांगतात. ज्याची त्याची श्रद्धा; मला त्यात पडायचं नाही. पण नऊ गोल्डफिश आणि दोन फुटी टाकी हा हिशोब प्राणिशास्त्राच्या बाजूनं तपासून पाहू.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे दोन घनफूट. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावतं, तेव्हा झाले ५६ लिटर. वरची दीड इंच रिकामी जागा आणि तळाचे खडे वजा केले की उरलं ४५ लिटरच्या आसपास. हौशी लोकांत एक जुना ठोकताळा आहे : एका गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, एक इंच लांबीचा मासा. या हिशोबानं आपल्या टाकीत एकूण १२ इंच मासे. दुकानातून आणलेले गोल्डफिश दोन-दोन इंचांचे असतात. नऊ दुणे अठरा. म्हणजे घरी आणल्या दिवशीच दीडपट.

आणि हा ठोकताळाही फसवाच आहे. मासा नुसता लांब होत नाही, रुंद आणि जाडही होतो. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. दोन इंचांचा गोल्डफिश सहा इंचांचा झाला तर वजन जवळजवळ सत्तावीसपट! आणि तो सहा इंचांचा होतोच, चांगलं पाणी मिळालं तर आणखीही वाढतो, दहा-पंधरा वर्षं जगतो. बारा निऑन टेट्रा आणि एक बारा इंची ऑस्कर यांची लांबी इंचांत सारखीच भरते. पण निऑन त्या टाकीत सुखानं राहतील आणि ऑस्करला एक फूट रुंदीच्या टाकीत धड वळताही येणार नाही. हा ठोकताळा दोन इंचांपर्यंतच्या सडपातळ माशांना लावावा, त्यापुढे नाही. गोल्डफिश तर खादाड, सतत चरणारा आणि भरपूर घाण करणारा मासा. माझ्या मते दोन फुटी टाकीत तो लहान असताना दोन ठेवावेत, आणि ते वाढले की मोठ्या टाकीची सोय करावी. नऊ हवेच असतील तर चार फुटी टाकीही कमी पडेल.

तेव्हा त्या नऊ माशांतला एक मरतो, यात नवल नाही. खरं नवल पुढेच आहे. एक मेला की उरलेले आठ जरा बरे दिसू लागतात, कारण भार कमी झालेला असतो. घरच्यांना वाटतं, अरिष्ट टळलं. मग नववा आणला जातो, भार पुन्हा वाढतो, बाहेरून आलेला मासा कधी अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके घेऊन येतो, आधीच ताणात असलेल्या माशांत तो रोग झपाट्यानं पसरतो, आणि चक्र पुन्हा सुरू होतं. दीड वर्षात आणलेले आणि मेलेले मासे एका वहीत मांडून पाहा. कितीही आणले तरी शेवटी तोच एक आकडा टिकून राहताना दिसेल. सात म्हणा, सहा म्हणा. तो आकडा टाकीनं स्वतः सांगितलेला असतो.

याच्याच जोडीला आणखी एक प्रकार घडतो, आणि त्यात चांगली काळजी घेणारे लोकच जास्त सापडतात. टाकी गच्च भरलेली. पाणी दोन महिने बदललेलं नाही, फक्त वरून भर घातलेली. मग एका रविवारी जंगी सफाई. मासे बादलीत, सगळं पाणी बाहेर, खडे नळाखाली खळखळून धुतलेले, स्पंज पिळून पिळून पांढरा केलेला. टाकी नव्यासारखी लखलखते आणि दोन दिवसांत चार मासे मरतात. ‘एवढी स्वच्छता केली आणि मेले!’ अहो, मेले ते त्या स्वच्छतेनंच. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिननं खड्यांवरची आणि स्पंजवरची जिवाणूंची वस्ती मारली. गर्दी तीच आणि सफाई कामगार सगळे गेलेले.

दुसरं कारण जरा रसायनशास्त्राचं आहे, पण समजून घेण्यासारखं. जिवाणू अमोनिया पचवताना पाणी हळूहळू आम्ल होत जातं. मासे जास्त आणि पाणी बदलणं कमी, तर ही आम्लता फार वाढते. फार आम्ल पाण्यात हे जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचू लागतो. पण आम्ल पाण्यात त्याचं रूपही कमी विषारी असतं. मासे कसेबसे तग धरून राहतात. त्यात एकदम निम्म्याहून जास्त ताजं, अल्कधर्मी पाणी ओतलं की आम्लता जाते आणि साचलेल्या अमोनियाचा बराच भाग एका तासात विषारी रूपात येतो. आपल्याला वाटतं, नवं पाणी बाधलं. बाधलेला असतो तो आधी साठलेला भार. त्यामुळे टाकीत गर्दी झाली आहे आणि पाणी जुनं आहे, असं आज तुमच्या लक्षात आलं, तर उत्साहाच्या भरात आजच सगळं पाणी बदलू नका. रोज एक दशांश, फार तर पंधरा टक्के, असं आठ-दहा दिवस बदला. पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं असावं म्हणजे त्यातला क्लोरिन उडून जातो. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा, नळाखाली नाही. आणि त्या दिवसांत दाणे निम्मे करा. निरोगी मोठा मासा दोन-चार दिवस उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही.

आता दुकानाबद्दल. दुकानात दिसणारे बहुतेक मासे ही पिल्लं असतात, हे आपण विसरतो. काळ्या किनारीच्या परांचा तो डौलदार सिल्व्हर शार्क तीन इंचांचा असतो तेव्हा गोड दिसतो. तो एक फुटापर्यंत वाढतो आणि त्याला थवा लागतो. शार्क म्हणून विकला जाणारा दुसरा, पंगेशियस, हा तर खाण्यासाठी तळ्यांत वाढवतात तो मासा. तो एक मीटरच्याही पुढे जातो. काचेला चिकटून शेवाळ खाणारा सकर फूट-दीड फुटाचा होतो. ‘टाकी लहान असली की मासा लहानच राहतो,’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वाढ खुंटते हे खरं, पण ती खराब पाण्यानं आणि ताणानं खुंटते. पाठीचा कणा वाकतो, आयुष्य घटतं. तेव्हा मासा घेताना दुकानदाराला किमतीआधी एकच विचारा : हा पूर्ण वाढला की केवढा होतो? उत्तर हाताच्या दोन बोटांत मावत नसेल तर दोन फुटी टाकीसाठी तो घेऊ नका.

वीज जाते तेव्हा गर्दीचा निवाडा अचानक होतो. हवेचा पंप बंद, फिल्टर बंद. ज्या टाकीत मासे बेतानं आहेत, तिथं दोन-तीन तास काहीही होत नाही. गच्च भरलेल्या टाकीत अर्ध्या तासात मासे वर येतात. आपली टाकी कुठल्या प्रकारात बसते, हे दिवसा, समोर बसून, पंप थोडा वेळ बंद ठेवून बघता येतं. मासे वर येऊ लागले की लगेच चालू करायचा. मध्यरात्री वीज जाण्याची वाट पाहण्यापेक्षा हे बरं. आणि खरंच वीज गेली तर मगानं टाकीतलंच पाणी काढून फूटभर उंचीवरून धार सोडत राहा. त्यानं हवा मिसळते. बॅटरीवरचे छोटे पंपही मिळतात. मात्र मोठा पंप किंवा दुसरा फिल्टर बसवला म्हणजे आणखी दहा मासे आणायचा परवाना मिळाला, असं होत नाही. फिल्टर अमोनियाचं नायट्रेट करून देतो. ते नायट्रेट बाहेर काढायचं काम बादलीचंच राहतं.

आता शेवटचा प्रश्न. मासे जास्त आहेत हे कळलं, मग त्यांचं करायचं काय? ओळखीच्या दुकानदाराला विचारा. मासे निरोगी असतील तर बरेच जण परत घेतात, पैसे देणार नाहीत एवढंच. मोठी टाकी असलेलं कुणी, शाळेची प्रयोगशाळा, एखाद्या संस्थेच्या आवारातला हौद, असं ठिकाण शोधा. गप्पी आणि मॉली पिल्लं घालणारे मासे. त्यांची मादी साधारण महिन्याला एक खेप देते, आणि एकदा नराचा संग झाला की पुढचे काही महिने नर नसतानाही देत राहते. त्यामुळे आज नर-मादी वेगळे केले तरी पाळणा लगेच थांबत नाही, हे लक्षात ठेवून नुसते नर पाळलेले बरे. रंगही त्यांनाच जास्त असतात.

एक मात्र करू नका. ‘मारण्यापेक्षा सोडून देऊ, पुण्य लागेल,’ म्हणून ते नदीत, तळ्यात किंवा देवळाच्या कुंडात सोडू नका. ज्या सकर माशाचं नाव मी मघाशी घेतलं, तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. घरगुती टाक्यांतून आणि मत्स्यपालनाच्या तळ्यांतून निसटून तो तमिळनाडू, केरळ, आंध्र प्रदेश, पश्चिम बंगालच्या पाण्यात पसरला आहे आणि आपल्या उजनीच्या जलाशयातही मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. अंगावर हाडांचं चिलखत, परांना काटे. जाळी फाटतात, बाजारात त्याला भाव नाही आणि त्याला खाणारा मासाही सहसा सापडत नाही. तुमच्या टाकीत तो एक जास्त होता. उजनीत त्याला काढायला कुणाच्या घरातली जाळी पुरणार नाही.